बिऱ्हाड कुठं थाटावं

“मग भंते, मी कुठं जाऊ?”

प्रियदर्शी खोब्रागडे शेवटी या प्रश्नावर आला. तोवर ऊन बरंच वर आलं होतं.

विहार तलावाच्या पाळीवर होता. खोली लहान. खिडकीतून पाणी दिसायचं आणि पाण्यावर पसरलेले शिंगाड्याचे वेल. लहानपणी प्रियदर्शी इथंच उन्हाळी शिबिराला यायचा. तेव्हा भंते शीलरत्न त्याला पाली शिकवत. आता तो पुण्याच्या एका मोठ्या कंपनीत पुलांचा इंजिनिअर होता. भंते सत्तरी ओलांडून गेले होते.

“हॅम्बुर्ग, हॅलिफॅक्स की ड्युनेडिन?” त्यानं पुन्हा विचारलं. “जर्मनी, कॅनडा, न्यूझीलंड. तिन्हीकडून बोलावणं आहे. शाळा पाहिल्या, दवाखाने पाहिले. थंडी किती, पाऊस किती, घराजवळ बाग आहे का, सगळं पाहिलं. तिन्ही सारखीच चांगली निघतात. तिथंच अडलंय.”

“मी घर सोडलेला माणूस,” भंते म्हणाले. “घर कुठं करू, हे मला विचारतोस.”

“म्हणूनच विचारतो. तुम्हाला कुणाची बाजू नाही.”

भंते हसले. 

“मला स्वतःचं काही नको, भंते. सगळं त्यांच्यासाठी चाललंय. मुलीचं शिक्षण, उत्पलाचं काम, बाबांची तब्येत. चूक झालेली परवडणार नाही.”

“चूक होईल असं का वाटतं?”

“नाही होणार. जागा निवडणं हेच माझं काम आहे. पूल कुठं उभा करायचा, खांब कुठं घ्यायचा, हे मी ठरवतो. आजवर माझी एकही जागा चुकली नाही.”

“पुलाला विचारून ठरवतोस?”

प्रियदर्शीला वाटलं, म्हातारपणानं भंत्यांना नीट समजलं नसावं.

“पुलाला काय विचारायचं, भंते?”

…

भंत्यांनी शेजारचं भिक्षापात्र उचललं. चीवर सारखं केलं. उत्तर न देता ते उठले आणि खोलीबाहेर गेले.

 प्रियदर्शी त्यांच्या मागोमाग निघाला.

बाहेर पिंपळाच्या पारावर त्याची माणसं बसली होती. बायको उत्पला डब्याची पिशवी मांडीवर घेऊन होती. नऊ वर्षांची रेवता आजोबांना टेकली होती. आणि आजोबा, म्हणजे प्रियदर्शीचे वडील केवळराम, चाकूनं शिंगाडे सोलून एकेक गर तिच्या हातावर ठेवत होते. एसटीच्या वर्कशॉपमधून फिटर म्हणून निवृत्त झाल्यापासून ते इथं पवनीलाच राहत. एकटे. वर्षातून दोनदा मुलाकडे जात आणि आठवड्यात परत येत.

भंते दुपारनंतर जेवत नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक होतं. उत्पला भंत्यांसाठी भोजन घेऊन सकाळपासून थांबली होती. बोलण्याच्या भरात ते प्रियदर्शीच्या ध्यानातच राहिलं नव्हतं.

भंते पारावर बसले. उत्पलानं पात्रात भात वाढला, वांग्याची भाजी वाढली. ते खाली मान घालून सावकाश जेवले.  प्रियदर्शी उभाच होता.

जेवण झालं, हात धुतले, तेव्हा भंत्यांनी रेवताकडे पाहिलं.

“तू परदेशी जाणार म्हणे.”

“हो.”

“काही विचारायचंय का?”

रेवतानं आधी वडिलांकडे पाहिलं. मग म्हणाली, “तिथं नाही आवडलं तर?”

“आवडेल,” प्रियदर्शी म्हणाला. “तिन्हीकडच्या शाळा चांगल्या आहेत.”

“तिनं मला विचारलं,” भंते म्हणाले. आणि तिच्याकडे वळून म्हणाले, “मला माहीत नाही.”

रेवताला हे उत्तर पटलेलं दिसलं. तिनं मान हलवली आणि पुढचा शिंगाडा घेतला.

“उत्पलाताई, तुम्हाला कुठं जायचंय?”

“मला कुठंही चालेल.”

“पाहा,” प्रियदर्शी म्हणाला. “सगळे हेच म्हणतात. म्हणून मलाच ठरवावं लागतं.”

 एरवी उत्पला त्याला अरे-तुरे करायची. सासऱ्यांसमोर मात्र ‘तुम्ही’ म्हणायची. डब्याचं झाकण लावता लावता ती म्हणाली, “मला कुठंही चालेल. फक्त तिथं गेल्यावर ‘मी तुमच्यासाठी आलो’ असं म्हणू नका.”

“मी कधी म्हटलं तसं?”

“पुण्याला आलो तेव्हा म्हणालात. अजून म्हणता. नागपूरची माझी लॅब सोडली मी. ते चालवून घेतलं. पण तुमचा दिवस वाईट गेला की तो माझ्या नावावर जमा होतो. रेवताच्या नावावर होतो. तिला आता कळायला लागलंय ते.”

 

…

भंते केवळरामांकडे वळले नव्हते. केवळरामच आपणहून बोलले. हातातला शिंगाडा अर्धा सोललेला होता.

“भंतेजी, मी नाई येत.”

“बाबा?”

“मी नाई येत, प्रिया. कोणत्याच गावाले नाई येत.”

“पण तुम्ही हो म्हणाला होता. दिवाळीत बोललो आपण. मी दवाखाने पाहिले तुमच्यासाठी. तुमच्या गुडघ्यासाठी जिना नसलेलं घर…”

“तू सांगत होता. मी आयकत होतो. मले कोणी इचारलं नाई.”

“नाही म्हणायचं होतं ना मग.”

“तू एवढा अभ्यास करून राहिला होता. तुह्या अभ्यासात मी कसा खोडा घालू?” केवळरामांनी चाकू पुसून ठेवला. “इथं मी विहाराच्या टाकीत पाणी चढवतो. सांजच्याले पोरायले गणित शिकवतो. तलावापासून बाजारापर्यंत कोणालेबी केवळराम म्हण, माह्या घरी आणून सोडंल. म्हातारपणी आनखी काय पाहिजे माणसाले?”

रेवता म्हणाली, “आबा येणार नाहीत?”

 ती आजोबांना अजून चिकटून बसली.

प्रियदर्शी पाराच्या कडेला टेकला. पारावर आल्यापासून पहिल्यांदाच तो खाली बसला होता. तो म्हणाला, “मग आता सोपं झालं. बाबा येणार नसतील तर दवाखान्याचा प्रश्न मिटला. हॅम्बुर्ग.”

“सोपं झालं?” भंत्यांनी विचारलं.



“नाही,” तो म्हणाला.

…

तलावात कुणीतरी टायरच्या ट्यूबवर बसून शिंगाडे तोडत होता. त्याचं पाण्यात हात घालणं, वेल उलटणं, पुढं सरकणं सगळ्यांना दिसत होतं. सगळे तिकडेच बघत होते, कारण एकमेकांकडे बघणं अवघड झालं होतं.

“एक जण राहिला,” भंते म्हणाले. “तुला कुठं जायचंय?”

“मी सांगितलं ना, भंते. माझं काही…”

“मुलगी सोडून दे. बायको सोडून दे. केवळरामजी तर इथंच आहेत. तू एकटा असतास तर कुठं गेला असतास?”

 प्रियदर्शीचा आवाज उतरला.

“नॉर्वेत.”

उत्पलानं चमकून पाहिलं. “हे कधी बोलला नाहीत.”

“तिथूनही बोलावणं आहे, पण मी ते यादीतच घेतलं नाही. गाव लहान आहे. हिवाळ्यात दुपारीच अंधारतं. पगारही बेताचा. कशातच बसत नाही ते.” तो थांबला. “मागे तीन आठवडे गेलो होतो ना, खाडीवरच्या पुलाच्या कामाला. तिथं.”

“काय होतं तिथं?” भंत्यांनी विचारलं.

“काही नव्हतं. पाऊस होता. जिच्याकडे उतरलो होतो ती बाई होती, बाबांपेक्षाही वयानं मोठी. पहिल्या दिवशी तिनं नाव विचारलं. प्रियदर्शी म्हटलं. तिला म्हणता येईना. तिनं शेगडीवरचं भांडं उतरवून ठेवलं आणि पुन्हा पुन्हा म्हणून पाहिलं. नीट जमलं तेव्हाच थांबली.”

“मग?”

“मग काही नाही. जेवायला वाढलं तिनं.”

भंते वाट पाहत राहिले.

“पुढं काहीच विचारलं नाही, भंते.”

“पुढं म्हणजे?”

“आडनाव. मग गाव. मग गावात कुठल्या बाजूला.”

…

केवळराम खाली मान घालून बसले होते. त्यांचे हात मांडीवर पडून होते.

“मले वाटलं,” ते म्हणाले, “तुह्या वाट्याले नसंल आलं ते. शिकला. साहेब झाला. पुण्यात राहते.”

“येतं, बाबा. इंग्रजीत येतं.”

 इतकी वर्षं बापलेकांनी हे एकमेकांपासून जपून ठेवलं होतं. बापानं पोराला त्रास नको म्हणून. पोरानं बापाचे कष्ट वाया गेले असं त्याला वाटायला नको म्हणून.

“मले सांगतलं नाई कधी.”

“तुम्हीही नाही सांगितलं.”

 केवळरामांनी पंच्याच्या टोकानं डोळे पुसले आणि म्हणाले, “जाय मग. तिथंच जाय.”

“तुम्ही इथं एकटे…”

“मी एकटा नाई. मी इथं लोकायले नाई म्हणाले शिकलो, कोणाचं आयकून न घ्याले शिकलो, तोंडावर बोलाले शिकलो. आता माह्याशी कोणी तसं बोलत नाई. बोललं तर मी पाहून घेतो. तू तुहं पाय.”

 उत्पला नवऱ्याला म्हणाली, “हिवाळ्यात दुपारीच अंधार होतो म्हणालात.”

“हो. पगारही कमी. तुझ्या कामाचं तिथं काय होईल, मला खरंच माहीत नाही. आधी भाषा शिकावी लागेल.”

“तिथं जाऊन कुणासाठी आलो म्हणाल?”

त्याला वेळ लागला.

“माझ्यासाठी.”

“मग चालेल,” उत्पला म्हणाली. “मग माझ्या कामाचं मी बघेन. आणि रेवताला वर्षभरात नाही रुचलं, तर परत पारावर बसून बोलू. आत्तासारखं.”

त्या दिवशी एवढंच ठरलं.

पुढचे महिने पळापळीत गेले. हॅम्बुर्गवाल्यांना आणि बाकी दोघांना नकार कळवताना प्रियदर्शी दोन दिवस अस्वस्थ होता. तीन चांगल्या जागा सोडून आपण ही कसली जागा धरली, असं त्याला रात्रीबेरात्री वाटे. पण तसं वाटलं की आता तो उत्पलाला सांगे. पूर्वी चिडचिड करत असे. उत्पलानं तिथली भाषा शिकायला वर्ग लावला, रेवताही सोबत बसे. केवळराम फोनवर रेवताला रोज विचारत, “आज नवीन कोणता शब्द शिकली?” आणि तिनं सांगितलेला शब्द ते संध्याकाळी विहारातल्या पोरांना म्हणायला लावत.

निघण्याच्या आदल्या आठवड्यात ते सगळे पवनीला आले. केवळरामांनी स्वतः स्वयंपाक केला. आलूवांग्याची भाजी जरा खारट झाली, पण सगळ्यांनी दोनदा घेतली.

सकाळी प्रियदर्शी एकटाच विहारात गेला. भंते अंगण झाडत होते. त्यानं त्यांच्या हातातला झाडू घ्यायला पाहिलं. भंत्यांनी दिला नाही. मग तो पायरीवर बसून राहिला. झाडणं संपल्यावर त्यानं तीनदा वंदन केलं.

“भंते, निघतो.”

“सुखी हो.”

“बाबांकडे लक्ष असू द्या.”

“ते माझ्याकडे लक्ष ठेवतात.”

प्रियदर्शी हसला. तरी उठेना.

“भंते, मागच्या वेळी मी कुठं जाऊ विचारलं. तुम्ही काही सांगितलं नाहीत.”

“नाही.”

“आता जागा ठरली. तिथं कसं राहू, ते तरी सांगा.”

भंते त्याच्या शेजारी पायरीवर बसले. अंगणात नुकत्याच झाडलेल्या मातीवर पिंपळाची दोन पानं पडली. त्यांनी ती पडू दिली.

…

“तिथं तुझ्यामागून आपल्याकडचं कुणीतरी येईल,” ते म्हणाले. “थंडीनं काकडलेलं. त्याला घरात घे. नाव विचार.”

“मग?”

“नावावरच थांब.”