अन्सेल्मोचं उरलेलं दफन

"म्हणजे त्या माणसाला मी कबरीत तसंच निजू द्यायला हवं होतं का, फादर?"

फादर इनास मच्याडो मिशनच्या व्हरांड्यात घोंगडी पांघरून बसले होते. मलेरियाने त्यांचा पार चोथा केला होता. भुईमुगाच्या शेंगा फोडत होते, पण एकही दाणा तोंडात टाकत नव्हते.

"निजला होता?" त्यांनी विचारलं. "कुठल्या कुशीवर?"

विचारणारा फादर जोएल तुस्कानो सुपातली एक शेंग उचलून फोडायला लागला.

वसईहून टांझानियातल्या या मिशनवर येऊन त्याला जेमतेम सात महिने झाले होते. सेमिनरीत तो कायम पहिला यायचा, भाषाशाळेत स्वाहिलीत त्याला पैकीच्या पैकी मिळाले होते, आणि हे तो स्वतः विसरत नव्हता की दुसऱ्याला विसरू देत नव्हता. फादर इनासही वसईचेच. पण त्यांना इथे एक्केचाळीस वर्षं झाली होती, आणि सेमिनरीत आपला कितवा नंबर होता हे ते केव्हाच विसरून गेले होते.

झालं होतं असं. मिशनचा म्हातारा धर्मशिक्षक अन्सेल्मो वारला. फादर इनास तापाने फणफणलेले, म्हणून दफनविधी जोएलच्या अंगावर आला. त्याने तो अगदी मन लावून चालवला होता. शवपेटी खड्ड्याशी आणली, तेवढ्यात सेंगो नावाचा एक वाकलेला म्हातारा गर्दीतून पुढे आला. अंगात मेलेल्या अन्सेल्मोचाच कोट. अन्सेल्मो चर्चमध्ये मिस्सात बायबल वाचण्याआधी जसा खाकरायचा तसा तो तीनदा खाकरला, सरळ कबरीत उतरला आणि हातपाय ताणून निजला. ही जागा माझ्या खाटेपेक्षा मऊ आहे, म्हणाला, याच्यासाठी दुसरी बघा.

आणि लोक हसले. प्रेतासमोर...

जोएलचं डोकंच फिरलं. त्याने म्हाताऱ्याला दंडाला धरून वर ओढलं, कोट उतरवायला लावला आणि पुन्हा मिशनच्या आवारात पाऊल टाकायचं नाही असं सगळ्यांदेखत बजावलं. सेंगो एक शब्दही न बोलता निघून गेला. पुढचा विधी एकही चूक न होता पार पडला. त्या संध्याकाळी जोएल समाधानाने जेवला.

अन्सेल्मोची बायको सबीना मात्र जेवली नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, आणि आज तिसरा दिवस होता. अंगणात भिंतीला टेकून बसली होती. रडत नव्हती, बोलत नव्हती, पाण्याने ओठ ओले करायची तेवढंच. जोएल तीनदा जाऊन आला. बायबल वाचलं, धीर दिला, सुनेने आणलेली पेज स्वतः तिच्यापुढे धरली. ती म्हणायची, आभारी आहे, बाबा; इथे धर्मगुरूला सगळे बाबाच म्हणत. आणि पुन्हा भिंतीसारखी बसायची. सकाळी सून सांगत आली की आता सासूला उभंही राहवत नाही. तेव्हा मात्र तो तडक फादर इनासकडे आला.

"तिला काही झालं तर..." जोएल म्हणाला.

"तर?"

जोएलने मान खाली घातली. हे विचारणं त्याला फार जड गेलं.

"तर ते माझ्यामुळे का, फादर?"

फादर इनासनी शेंगा ठेवलेलं सूप बाजूला सारलं, आणि मग सावकाश, धापा टाकत सगळं सांगितलं. सेंगोचं आणि अन्सेल्मोचं कूळ एकमेकांच्या थट्टेच्या नात्यातलं. आपल्याकडे मेहुण्याची टर उडवतात ना, तसंच. पण इथे ते मेल्यावरही सुटत नाही. एक गेला की दुसऱ्याने यायचं, त्याच्या नकला करायच्या, घरच्यांना हसवायचं, हसता हसता रडवायचं आणि विधवेला पहिला घास आपल्या हाताने भरवायचा. तो घास पोटात जाईपर्यंत तिने अन्नाला शिवायचं नसतं. तिथे सुनेचा हात चालत नाही आणि धर्मगुरूचाही चालत नाही. हे जोएलला कोणी सांगितलं नव्हतं, कारण एवढ्या शिकलेल्या माणसाला ते ठाऊक असणारच असं सगळ्या गावाला वाटलं होतं.

"पण फादर, मी तर विधी पूर्ण केला."

"अर्धा केलास," फादर इनास मायेने म्हणाले. "छान केलास म्हणे. सायकल काढ."

टेकडीपलीकडे सेंगोचं घर. कॅरियरवर फादर इनासना बसवून जोएल चढावर सायकल ढकलत निघाला. ऊन मी म्हणत होतं. खांद्यावर टेकलेल्या हातातून फादरांचा ताप त्याला जाणवत होता, आणि या माणसाला आपण आज उठवायला नको होतं असं त्याला सारखं वाटत होतं. माफी कशी मागू, असं त्याने विचारलं. फादर म्हणाले, कशीही माग. त्याने शिवी घातली तर समज, जमलं. आदराने बोलला तर मात्र कठीण आहे.

सेंगो दारात मका सोलत बसला होता. फादर इनासना पाहून त्याने कणीस खाली ठेवलं.

"तू अजून जिवंत? मी तर तुझ्या चपला मला मागून ठेवल्या होत्या."

"घेऊन जा," फादर इनास म्हणाले. "एकीचा अंगठा तुटलाय."

मग सेंगोची नजर जोएलकडे वळली. तो धडपडत उभा राहिला, डोक्यावरची टोपी काढली, घरातलं एकुलतं एक स्टूल झटकून पुढे ठेवलं आणि खाली वाकून म्हणाला, "शिकामू, बाबा." लहानांनी थोरांना करायचा तो नमस्कार. सत्तरीच्या माणसाने तिशीतल्या पोराला केला! जोएलला तो थोबाडीत बसल्यासारखा लागला.

त्याने माफी मागितली. शब्द अन् शब्द बरोबर होता. सेंगोने मान तुकवून सगळं ऐकून घेतलं. आपला काय दोष, म्हणाला, आपण मोठी माणसं. जोएलने सबीनाचं सांगितलं. ते ऐकताना मात्र म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. तरी तो जागचा हलला नाही.

"मी मेलेल्याची थट्टा करतो, बाबा. तोंडावर करतो, पाठीमागे करत नाही. तो तर आपण मातीखाली घातलात..."

जोएलने फादरांकडे पाहिलं. फादर अंगणातल्या कोंबडीकडे बघत होते. तिच्यात बघण्यासारखं काही नव्हतं.

जोएलने आपल्यापुढचं स्टूल उचलून सेंगोजवळ ठेवलं.

"तुम्ही चला," जोएल शेवटी म्हणाला. "मेलेला मी देतो."

सबीनाच्या अंगणात दहाबारा बायका बसल्या होत्या. सेंगो आणि फादर इनासना मागे ठेवून जोएल मधे जाऊन उभा राहिला. काय करायचं ते वाटेत ठरवलं होतं. गुरुदीक्षेच्या दिवशी तो वेदीपुढे असाच सगळ्यांदेखत जमिनीवर पालथा पडला होता. पण त्या दिवशी खाली गालिचा होता, घरची सगळी मंडळी कौतुकाने बघत होती. आज तो पांढऱ्या झग्यासकट, सबीनाच्या पायाशी, धुळीत पाठीवर पडला. त्याने हात छातीवर जुळवले आणि डोळे मिटून घेतले.

बायका एकदम चिडीचूप झाल्या. लाजेने जोएलचे कान पेटले. उठून पळावं असं त्याला वाटलं...

मग डोक्यावर सेंगोचा आवाज आला.

"अरे चोरा, मेल्यावर तरुण झालास की! आधी सांगितलं असतंस तर मीही मेलो असतो."

कोणीतरी खुदकन हसलं.

"बघा कसा पडलाय. आयुष्यभर असाच पडून होता. शेतात पडला, मिस्सात पडला. याची बायको नांगरायची आणि हा झाडाखाली धर्मशिक्षण द्यायचा. आणि हिच्या हातची ती मक्याच्या पिठाची करपलेली उगाली! तीस वर्षं खाल्ली बिचाऱ्याने, एकदा तक्रार केली नाही. पोपना कळवा. आमच्या गावात संत झालाय."

"चौतीस," सबीना म्हणाली.

अंगण थबकलं.

"चौतीस वर्षं," तिचा आवाज कोरड्या विहिरीतून आल्यासारखा आला. "आणि तक्रार रोज करायचा."

आणि ती हसली. आधी नुसते खांदे हलले, मग सगळं अंग हलायला लागलं, आणि हसता हसताच तिच्या तोंडून असा हंबरडा फुटला की जोएलच्या काळजाचं पाणी झालं. ती पुढे कोसळली. जोएलच्या छातीवर डोकं टेकून, मुठी आपटत, अन्सेल्मो, अन्सेल्मो, म्हणून हाका मारायला लागली. जोएल हलला नाही. त्याचे मिटलेले डोळेही वाहायला लागले होते, आणि पाणी कानांत शिरत होतं. ते पुसायला त्याने हात वर केला नाही.

कितीतरी वेळाने हुंदके निवले. छातीवरचं ओझं उतरलं. सेंगोने हात धुतल्याचा आवाज आला, मग घट्ट उगालीचा तुकडा मोडून घेवड्याच्या कालवणात बुडवल्याचा वास. घे, म्हणाला तो. एवढंच, अगदी हळू म्हणाला.

जोएलच्या पाठीखाली खडा रुतत होता. मानेवर मुंगी चढली होती. जवळच फादर इनासचा घरघरता श्वास त्याला ऐकू येत होता.

"फादर..." तो ओठांतल्या ओठांत म्हणाला. "आता उठू का?"

"थांब जरा. ती जेवते आहे."