महाराजांच्या आधी दिवाणांचा घोडा

रायाजीराजांची आंघोळ सलग तिसऱ्या दिवशी चुकली! देवळाच्या कळसाला ऊन लागायच्या आत न्हाऊन गादीवर बसायचं, ही घराण्याची रीत. आज ऊन अंगणात उतरलं तरी महाराज पंचा नेसून बसलेले, आणि त्यांचं तांब्याचं गंगाळ विहिरीवर चिंच फासून पडलेलं.

गंगाळ घासणाऱ्या हौसाला महाराजांपुढे उभं केलं.

"विसळायला दोन घागरी पाणी! त्याला एवढा उशीर?"

"रहाट एकच हाय, म्हाराज. आन् तुमचाच हुकूम हाय, मोठ्याचं काम आलं की धाकट्यानं बाजूला व्हायचं. मी दोर धरला की दिवाणजींच्या घोड्याला पाणी. मग खजिनदारांच्या बागंला. मग पुरोहितांच्या सोवळ्याला. मी आपली हुबीच!"

"मग? घासणारीसाठी आम्ही मान सोडायचा?" दिवाण त्र्यंबकपंतांनी मिशीला पीळ दिला.

महाराज हट्टी. "हुकूम बदलणार नाही! दुसरी विहीर खणणार नाही! आणि हौसा, उद्या आंघोळ चुकली तर तू नगराबाहेर!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. हुकूम शाबूत, मान शाबूत, आंघोळ तेवढी राहिली!

हौसाने पदर खोचला. "तर मग तुमचा शेला द्या, म्हाराज. गंगाळ धुऊन होईस्तवर अंगावर घेते, गंगाळासंगं परत करते."

महाराज चक्रावले, पण शेला दिला.

दुसऱ्या दिवशी पहाटे पंतांचा माणूस रहाटाशी आला, महाराजांचा शेला बघून मागे सरला. हौसाने गंगाळ विसळलं, शेल्यासकट पोचवलं. मग स्वतःच्या घरची घागर घेऊन ती पुन्हा सगळ्यांच्या शेवटी उभी राहिली.

महाराज वेळेवर न्हाले. पंत मात्र हौसाला पुढे घालून तणतणत आले. "महाराज, मान मोडला! घासणारी पुढे आणि आमचा घोडा तिच्या मागे!"

"मान मी मोडला व्हय?" हौसा म्हणाली. "पंत, तीन दिस तुमी मला मागं सारलंत. पर माझ्यामागं कोण हुबं व्हतं? पंचा नेसून म्हाराज! तुमचा घोडा रोज त्यांच्या आदी पाणी प्याला!"

पंतांची मिशी खाली आली. महाराज पोट धरधरून हसले.

"हौसाला चांदीच्या पाटल्या द्या! शेला रहाटाशीच टांगा. ज्याच्या हातात आमचं काम, त्याने तो घ्यावा, काम संपताच उतरवावा. आणि पंत, तीन दिवस हौसाच्या घागरी तुम्ही भरायच्या!"

"आणि माझा घोडा, महाराज?"

"तो मोठा मानाचा! हौसाच्या मागे उभा करा!"