लाल सोडून सगळं काढलं

“…मग यात चुकलं काय, एवढं तरी सांगा!”

हर्षल कुंभोजकरनं हा प्रश्न तिसऱ्यांदा विचारला, तेव्हा इलाहीचाचा मुजावर शेंगा सोलत होते. त्यांनी एक शेंग त्याच्या हातावर ठेवली.

“खा.”

“चाचा, मी फोटोचं विचारतोय.”

“मग शेंग खाल्ल्यावर ऐकू येत नाही का?”

हे इलाहीचाचा म्हणजे आमच्या विट्याच्या पेठेतले फोटो रंगवणारे. रंगीत रीळ यायच्या आधी माणसं काळीपांढरीच निघायची. मग चाचा काडीला कापूस गुंडाळून त्यांना गाल द्यायचे, ओठ द्यायचे, साडी द्यायचे. एका साली त्यांच्याकडं पोपटी रंग फार उरला होता. त्या साली लग्न झालेल्या तालुक्यातल्या झाडून सगळ्या नवऱ्या आजही भिंतीवर पोपटीच आहेत. दोन-तीन नवरेपण.

हर्षल त्यांचाच चेला. दोन वर्षं चाचांच्या हाताखाली काढली, मग पुण्याला जाऊन शिकून आला. आला तो मान वर करूनच. इतकी वर, की गल्लीतलं गटार त्याला दिसत नाही. दोनदा पडलाय. मी समोरच्या दुकानात फ्रेमा ठोकतो, त्यामुळं मला नक्की आकडा ठाऊक आहे.

आज तो एकटा आला नव्हता. चौकटीसाठी मला समोरनं बोलावलं होतं, आणि गिऱ्हाइकाला घेऊन आला होता. तानुबाई खोत. वय सत्तरीच्या पुढं, पाठ ताठ, जीभ त्याहून ताठ. स्टुलावर बसून ती दोघांकडं बघत होती, बाजारात बैल बघावा तशी.

गोष्ट साधी होती. तानुबाईजवळ तिच्या आईचा एकच फोटो. तोही एकटीचा नव्हे. तलावाच्या बांधाचं काम चालू असताना कुणा इंजिनियर साहेबानं मजुरांची ओळ उभी करून काढलेला. तीस माणसं, त्यात डावीकडून सातवी तिची आई. चेहरा हरभऱ्याएवढा. तानुबाई पाच वर्षांची असताना ती गेली.

उद्या लेकीच्या नव्या घराची वास्तुशांत. भिंतीत खिळा मारून तयार. फोटो नाही.

म्हणजे फोटो होता. हर्षलनं तीनदा करून दिला होता. तिन्ही वेळा तानुबाईनं परत आणला, आणि तिन्ही वेळा एकच बोलली.

“झ्याक हाय. पन ही माझी आई न्हवं.”

हर्षलला हे सोसवेना. म्हणून तो तिला चाचांकडं घेऊन आला होता. चाचांनी ‘काम बरोबर आहे’ म्हणावं, म्हातारीनं ऐकावं, मी चौकट ठोकावी, आणि त्यानं मान वर करून घरी जावं.

“द्या इकडं,” चाचा म्हणाले.

त्यांनी फोटो घेतला. उलटा धरला. बराच वेळ बघितला.

“सुरेख.”

“चाचा… उलटा आहे.”

“असं?” त्यांनी सुलटा केला. “असापण सुरेख आहे.”

तानुबाई खुदकन हसली. हर्षलचे कान लाल झाले. तेवढाच काय तो खरा लाल.

“काय काय केलंस?”

आता पोरगा रंगात आला. “एकटा चेहरा उचलून मोठा केला. नाकडोळ्यांना हात लावला नाही, जसेच्या तसे आहेत. मूळ फोटोवर ओरखडे होते, घडीची रेघ होती, ते सगळं साफ केलं. मग वर विंटेज लूक दिला.”

“तो काय असतो?”

“म्हणजे जुना वाटावा म्हणून थोडे ओरखडे, कडेला पिवळट झाक…”

चाचा थांबले. “फोटो जुनाच होता ना?”

“हो.”

“ओरखडे होतेच ना?”

“ते… तसले नाही चाचा. हे डिझाइनचे आहेत.”

“अस्सं. खरे पुसले, डिझाइनचे घातले.” चाचा माझ्याकडं वळले. “सुतार, तूपण उद्यापासून लाकूड रंधून झालं की वर डिझाइनची वाळवी सोडत जा.”

“सोडतो की,” मी म्हणालो. “पुण्याहून मागवायला लागंल.”

हर्षलनं आमच्याकडं दुर्लक्ष केलं. पुण्यात तेवढं नीट शिकवतात. त्यानं फोटोवर बोट ठेवलं.

“आणि ही खरी कला. सगळा फोटो काळापांढरा. फक्त कुंकू लाल. लाल सोडून सगळं काढलं! नजर दुसरीकडं जाऊच शकत नाही. गेल्या वर्षी असल्याच फोटोला मला बक्षीस मिळालंय.”

खरंच, नजर जात नव्हती. राखेत निखारा दिसावा तसं ते कुंकू दिसत होतं.

“ह्यात लाल होता?” चाचांनी विचारलं.

“कशात?”

“साहेबानं काढला, त्या फोटोत.”

“काळ्यापांढऱ्या फोटोत लाल कसा असेल चाचा? कपाळावर काळा ठिपका होता. बाईमाणूस, कपाळावर ठिपका. आणखी काय असणार?”



…

मग चाचांनी फोटो तानुबाईच्या मांडीवर नेऊन ठेवला.

“आक्का, डोळं मिटा.”

“या बया. डोळं मिटल्यावर फोटु कसा दिसंल?”

“उघडून दिसला का?”

तानुबाईनं तोंड वाकडं केलं. पण मिटले.

“आई कुठं आहे?”

“कुठं म्हंजी? बांधावर.”

“आणि तुम्ही?”

“…मांडीवर. भाकरीच्या सुट्टीत.”

“हात कुठं आहे तुमचा?”



रस्त्यानं एक टेम्पो गेला. हर्षलनं घड्याळ बघितलं, तसं चाचांनी त्याच्या मनगटावर हात ठेवून ते झाकलं.

तानुबाईचा उजवा हात उचलला गेला. पहिलं बोट तोंडाशी गेलं, जिभेला लागलं, ओलं झालं. आणि खाली येऊन फोटोच्या कपाळावर टेकलं.

मग ते घासायला लागलं.

“ओ आजी! अहो, शाई फाकेल!” हर्षल उठलाच.

“बस.”

“चाचा, प्रिंट जाईल!”

“बस म्हणतो ना.”

तो बसला. बोट घासतच होतं. सत्तर-बाहत्तर वर्षांची बाई, आणि घासणं लहान पोरीचं… जीभ दाताखाली धरून, हट्टानं. कुंकू भिवईपर्यंत फाकलं.

तानुबाईनं डोळे उघडले. बोटाकडं बघितलं. बोट लाल. एकदम चिडलीच ती.

“ह्ये निघतंय की!”

“मग?” चाचा हळूच म्हणाले.

“निघायचं न्हाई त्ये! मी थुकी लावून लावून घासायची, रोज. ती हसायची. म्हनायची, खुळे, किती घासलंस तरी न्हाई निघायचं. अंगावरचं सगळं हितं ऱ्हानार, त्ये तेवढं माझ्यासंगट वर येनार…”

तिचं बोट तसंच हवेत राहिलं.

“गोंदण?” हर्षल म्हणाला.

“मग काय तर! हिरवं. कुंकू लावायची ती सकाळी, पन पाट्या वाहून वाहून धा वाजंस्तवर घामानं जायचं. ऱ्हायचं त्ये ह्ये.” ती हर्षलकडं वळली. “आन् लेकरा, तू तिला टिळा लावून बसवलीस व्हय देवीवानी!”

मला हसू आवरेना. मी तोंडात चार खिळे धरले.

हर्षल मात्र चाचांवरच उखडला.

“पण मला कसं कळणार हे? काळ्यापांढऱ्यात लाल काय, हिरवा काय, दोन्ही काळेच दिसतात!”

“बरोबर आहे. फोटोला ठाऊक नव्हतं.”

“मी आजींना विचारलं होतं, कसा करू म्हणून. त्या म्हणाल्या, छान कर.”

“मलापण सगळ्यांनी छान कर म्हणूनच सांगितलं होतं,” चाचा म्हणाले, “पोपटी साडी घालताना.”

…

 हर्षलनं पिशवीतून दुसरा फोटो काढला. तोच चेहरा, पण कोरा. ना लाल, ना डिझाइनचे ओरखडे. छापून बघायला काढलेला, वाया गेलेला म्हणून ठेवलेला.

“घरी जाऊन ठिपका हिरवा करून आणतो. दहा मिनिटं.”

“कुठला हिरवा?”

“हिरवा म्हणजे… हिरवा.”

“पोपटी चालंल? माझ्याकडं अजून आहे.”



चाचांनी फळीवरनं रंगांची डबी उतरवली, काडीला कापूस गुंडाळला, काडी पुढं केली. त्यांचा हात थरथरत होता. पाच वर्षं झाली थरथरतोय. चहासुद्धा ते बशीत निम्मा आणि धोतरावर निम्मा पितात.

“मी?” हर्षल म्हणाला. “चाचा, मी हे सोडून किती वर्षं झाली.”

“म्हणून तर.”

“आणि चुकलं तर? कॉम्प्युटरसारखं मागं कसं जायचं?”

“आक्का सत्तर वर्षं मागं जायला बघतायत. त्यांना विचार.”

तानुबाईनं काही विचारायची वाट बघितली नाही. तिनं बांगड्या कोपराकडं सारल्या आणि मनगट त्याच्या पुढ्यात धरलं. मनगटावर पाच ठिपके होते. कधीतरी हिरवे असतील. आता ते पावसाळ्यात विहिरीच्या कठड्यावर धरतं तसल्या रंगाचे, कातडीच्या आत गेलेले.

“ह्ये तिनंच काढून घेतलं, तिचं कपाळ गोंदलं त्याच बाईकडनं, त्याच दिवशी. मी लई रडल्याली.”

महिनाभरात ती त्याच्याकडं चार वेळा आली होती. चारही वेळा ह्याच हातानं तिनं त्याला फोटो दिला होता, घेतला होता. पोरानं आज पहिल्यांदा मनगट बघितलं.

त्यानं रंग कालवला. मनगटाशी धरला. डोकं हलवलं. त्यात थोडं काळं घातलं. पुन्हा धरला. थोडं निळं. पुन्हा धरला… बशीत अकरा हिरवे झाले. चाचा बघतसुद्धा नव्हते. मान भिंतीला टेकून त्यांनी डोळे मिटले होते. झोपले होते की काय, देव जाणे. गुरू लोकांचं काही सांगता येत नाही.

बाराव्या हिरव्याला हर्षलनं श्वास धरला आणि काडी टेकवली.

एकदाच.

उचलली.

हात बिलकूल हलला नाही त्याचा. ते मात्र मान्य केलं पाहिजे. वाया गेलेला पोरगा नाही तो, नुसता पुण्याला गेलेला आहे.

तानुबाईनं फोटो दोन्ही हातांत घेतला. लांब धरला. जवळ आणला. आणखी जवळ.

“अगं बया…” ती फोटोला म्हणाली. “किती ल्हान गं तू.”

…

“माझ्या थोरल्या नातीएवढी हाय.”

मग तिनं पदरानं नाक पुसलं, फोटो माझ्यापुढं केला आणि नेहमीचा आवाज काढला. “सुतारा, बगत काय बसलाईस? चौकट घाल. सकाळी धाला पूजा हाय.”

मी फोटो माझ्या दुकानात आणला. फळीवर उभा केला, मापं घेतली. हर्षल चाचांच्या पायरीवर उभा राहून तिकडनं बघत होता. मग दोन पायऱ्या उतरला, बघितलं. रस्त्याच्या मधोमध आला, बघितलं. पुन्हा मागं गेला. ह्या खेपेला गटार त्याला दिसलं, त्यानं ते नीट ओलांडलं.

चेहऱ्यावर समाधान होतं, पण कुठंतरी कुसळ रुतलेलं.

“चाचा.”

“हं.”

“काम झालं. आजींना आई मिळाली. ते सगळं खरं.”

“पण?”

“पण हा रंग दिसतच नाही! उद्या त्या घरात दोनशे माणसं येतील. माझा लाल दारातनं डोळ्यात भरला असता. हा इथनं, रस्त्याच्या पलीकडनंसुद्धा काळाच दिसतोय. रंग आहे हेच कुणाला कळायचं नाही. एवढा बारका, एवढा मंद… लांबनं काही म्हणजे काहीच दिसत नाही चाचा!”

चाचांनी काडीवरचा कापूस सोडवला. चिमटीत गोळा करून टाकून दिला.

“मग जवळ येतील.”