दगाबाजाचा ठसा

"ओळखू येतो की नाही, तेवढंच सांगा, उस्ताद."

नासपतीच्या लाकडात कोरलेला तो ठसा म्हाताऱ्या मातेओने खिडकीपाशी नेला, उजेडात तिरका धरला.

स्पेनमधल्या सेव्हिया शहरातल्या त्या छापखान्यात शूरवीरांच्या कथा छापत. त्यांतल्या चित्रांचे लाकडी ठसे मातेओ कोरायचा, आणि अलीकडे त्याचा शिष्य गास्पार. या खेपेला गास्पारने कथेतला दगाबाज सरदार कोरला होता. पण चेहरा कथेतला नव्हता. तुटकी भुवई, आखूड हनुवटी, कपटाने खाली वळलेली नजर... तो होता कापडवाला ओर्दोन्यो. त्याच्याच खोट्या साक्षीने गास्पारचा भाऊ शिक्षा होऊन, बेड्यांनिशी जहाजावर वल्ही मारायला गेला होता. परत आला नव्हता.

"ओळखू येतो," मातेओ म्हणाला.

"मग छापा! पुस्तक गावभर जाईल. भर बाजारात लोक त्याच्या तोंडावर थुंकतील."

"थुंकतील. कुणी चाकूही काढेल."

"काढू दे."

मातेओने ठशावरून अंगठा फिरवला.

"काम चोख आहे. माझ्या हातून असं उतरलं नसतं."

गास्पारची मान ताठ झाली.

छापयंत्रावर दुसऱ्याच कथेचं पान चढवलेलं होतं. रणात पडलेल्या मुलापाशी राजा उभा आहे, असा प्रसंग. त्या छापखान्यात एकच ठसा अनेक कथांत चाले. एका पुस्तकातला राजा दुसऱ्यात सावकार होई. मातेओने चौकटीतून राजाचा ठसा उचलला, त्याच्या जागी गास्पारचा सरदार बसवला. शाई लावली. कागद घातला. दांडा ओढला.

ओला कागद त्याने गास्पारच्या हातात दिला.

एकही रेघ बदललेली नव्हती. तीच भुवई. तीच हनुवटी. खाली वळलेली नजरही तीच... आता ती मुलाच्या प्रेतावर होती, आणि तीत कपट दिसेना.

"हा रडत नाहीये," गास्पार म्हणाला. मग ओरडलाच, "मी त्याला रडवलेलं नाही!"

मातेओने शाईचे हात फडक्याला पुसले.

"मुद्दाम केलंत तुम्ही! माफ कर म्हणता त्याला?"

"मी काही म्हटलं?"

"माझ्या भावासाठी कोण रडलं, उस्ताद? सांगा ना, कोण रडलं?"



गास्पारने ठसा चौकटीतून उपसला, मेजावर आपटला आणि कोरणी उचलली. पातं थेट त्या चेहऱ्यावर टेकलं.

मातेओ जवळ आला. आता हा आपला हात धरणार, असं गास्पारला वाटलं. पण म्हाताऱ्याने दोन्ही हातांनी ठसाच घट्ट धरला. हलू नये म्हणून. त्याची बोटं पात्याच्या अगदी पुढ्यात होती.

कोरणी टेकलेलीच राहिली. गास्पार त्या खाली वळलेल्या नजरेकडे पाहत राहिला...

"थांबलास का?" मातेओ म्हणाला. "लाकूडच आहे ना?"