कोरड्या नळाची संकल्पना

वडजाईच्या नगरपालिकेने बसस्थानकात मोठा पडदा बसवला आणि गावातल्याच चित्रकारांची डिजिटल चित्रं महिना-महिना भाड्याने घेऊन त्यावर दाखवायचं ठरवलं. पहिला मान रेवती कासारला मिळाला. तिने आपल्याच आळीतलं नळकोंडाळं आणि तिथली बायकांची रांग रंगवली होती. चित्रात स्वतःला शोधायला तिच्या शेजारणी रोज स्टँडवर येत.

नगराध्यक्ष दौलतराव मात्र खवळले. गावातल्या बाकांपासून मुतारीपर्यंत सगळीकडे ‘संकल्पना : दौलतराव’ असं लिहिलेलं, आणि नेमकं इथेच नाही. ते स्टँडवर येऊन सगळ्यांदेखत रेवतीला म्हणाले, “उद्या या चित्रावर माझा फोटो आणि खाली संकल्पना म्हणून माझं नाव दिसलं पाहिजे. नाहीतर चित्र उतरवा.”

शेजारणींचे चेहरे पडले. रेवती शांतपणे म्हणाली, “लावते की साहेब. कोपऱ्यात कशाला, नळाच्या अगदी वर लावते.”

दौलतराव खुलले. मग पडद्याकडे निरखून बघत म्हणाले, “पण हा नळ कोरडा का गं?”

घरी बोअरवेल असलेल्या माणसाला हे ठाऊक नसणारच.

“चित्रातला नळ गावच्या पाण्याशी जोडलाय,” रेवती म्हणाली. “गावात पाणी सुटलं की इथे धार लागते. आज पाचवा दिवस, कोरडाच आहे. ही कुणाची संकल्पना, असं लोक रोज विचारतात. आता विचारावं लागणार नाही.”

दौलतरावांनी घसा खाकरला. “फोटो राहू दे. कलेत आपण ढवळाढवळ करू नये.”

रेवतीचा जीव भांड्यात पडला. दुसऱ्याच दिवशी सकाळी चित्रातल्या नळाला धार लागली, आणि पडद्यासमोर उभ्या असलेल्या शेजारणी हंडे भरायला घराकडे पळाल्या.