काजळीचं दुसरं पोट

एकदा काय झालं, एका स्वयंपाकघरात, जात्याखालच्या फटीत, काळ्या मुंग्यांचं घर होतं. त्या घरात प्रत्येकीला पोटं दोन. एक चिमुकलं, स्वतःचं. दुसरं मोठं, सगळ्यांचं. बाहेर मिळालेला रस त्या मोठ्या पोटात भरून आणायचा. मग कुणी येऊन मिशीला मिशी लावली, की तोंड उघडायचं आणि थेंब तिच्या तोंडात द्यायचा. ‘नाही’ म्हणायची रीतच नव्हती, बरं का.

त्या साली वरच्या माणसांच्या घरात नवी सून आली. भारी टापटिपीची. ओट्यावर साखरेचा कण म्हणून सापडेना. मुंग्यांची पोटं पाठीला लागली. मग एक दिवस ओट्याखाली गुळाच्या पाण्याची बशी दिसली. जो हात कण सांडत नव्हता, त्यानं बशी ठेवली. तिथंच ओळखायचं. पण भुकेला कुठली ओळख!

काजळी आणि तिची मैत्रीण तुरतुरी, दोघी तुडुंब पिऊन निघाल्या. निम्म्या वाटेत तुरतुरी थांबली, गरगर फिरली आणि पाय वर करून पडली. ती उठलीच नाही. मग काजळीच्याही पायांना मुंग्या आल्या. हसू नका रे, खरंच आल्या. तिला कळलं, गुळात काहीतरी कालवलंय. घरी सांगायलाच हवं होतं, नाहीतर उद्या दुसऱ्या जातील.

दारात पहारेकरणीनं मिशी पुढं केली. काजळीनं तोंड फिरवलं.

“नको गं, विष आहे.”

“अगंबाई! विषाला गुळाचा वास येतो वाटतं?”

मग थोरली आत्या आली. “तुरतुरी कुठाय?”

“वाटेत पडली, आत्या.”

“पडली, की तिचाही वाटा गिळलास? पोट बघा बाईचं, घागर नुसती!”

सगळ्या हसल्या. उपाशी माणसाचं हसू वाईट असतं, मुंगीचंही.

मग समोर आलं तान्हं. काजळीनंच चाटूनपुसून वाढवलेलं. त्याला ना डोळे, ना मिशा. त्यानं नुसतं तोंड उघडलं. उघड्या तोंडात द्यायचं, एवढंच काजळी जन्मभर शिकली होती. थेंब ओठाशी आला. तिनं तो परत गिळला.

“तान्ह्यालाही नाही? काढा हिला बाहेर!” आत्या ओरडली.

मग जिनं जिनं तिच्या तोंडचं खाल्लं होतं, तिनं तिनं एकेक पाय धरला. ओढत नेलं आणि फटीबाहेर टाकलं. “बशीकडे जाऊ नका,” काजळी म्हणत राहिली.

सकाळी सगळ्या बशीकडेच निघाल्या. दारातच काजळी मरून पडली होती. एका मुंगळ्यानं तिचं पोट फोडून गूळ प्यायला होता. तोही तिथंच पाय वर करून पडला होता.

आत्यानं एकदा काजळीकडे पाहिलं, एकदा मुंगळ्याकडे. मग मागं फिरली. मग सगळ्याच फिरल्या.

पुढं त्या घरात सगळ्या सुखानं नांदल्या. तान्हं मोठं झालं. काजळी कोण, ते त्याला ठाऊक नव्हतं. दोन तोंडं कमी झाली, म्हणून प्रत्येकीच्या वाट्याला थेंब जरा मोठा आला, इतकंच.

चला, निजा आता. पांघरूण सगळ्यांना पुरवून घ्या. ओढाताण नको.