दगडावरचं मुंगूस

माणसाला चेंडू ठाऊकच नव्हता तेव्हाची ही गोष्ट. करवंदीच्या माळावर जनावरं कवठाने क्रिकेट खेळायची. संघात मुंगूस राखीव होतं. त्याने बाहेर दगडावर बसायचं आणि कुणाच्या पायात काटा मोडला की त्याच्या जागी धावायचं. बसल्या बसल्या ते सगळ्यांचा खेळ बघायचं आणि घरी जाऊन एकेकाची नक्कल करायचं.

"तुला स्वतःची अशी जागाच नाही रे!" सीमेवरची म्हैस हसायची. मुंगसाला ते फार लागायचं.

अंतिम सामना आला. नदीपलीकडचा संघ दोन धावांनी मागे होता आणि शेवटचा चेंडू उरला होता. तेवढ्यात म्हशीला डबकं दिसलं, ती त्यात जाऊन बसली!

"म्हशीबाई, उठा!" कप्तान अस्वल ओरडलं. म्हैस डोळे मिटून रवंथ करत राहिली. मुंगूस सीमेवर पळालं. इकडे यष्टीरक्षक माकडाला पिकल्या उंबराचा वास आला, ते सरळ झाडावर!

"आता तिथे कोण?" अस्वलाने डोकं धरलं.

नदीपलीकडच्या कोल्ह्याने कवठ टोलवलं. मुंगसाने ते सीमेवर अडवलं, म्हशीच्या जोराने उंच भिरकावलं आणि शेपटी उभारून त्याच्याखालून सुसाट सुटलं. यष्ट्यांपाशी आधी पोचलं तेच! माकडासारखी उडी मारून त्याने कवठ झेललं, यष्ट्या उडवल्या. कोल्हा दुसऱ्या धावेच्या अर्ध्या वाटेतच होता. माळाचा संघ एका धावेने जिंकला!

पुढच्या सामन्याला म्हैस आधीच दगडावर येऊन बसली. "आज मी राखीव!"

"बसा की," मुंगूस म्हणालं, "फक्त हाक आली की उठावं लागतं, म्हशीबाई."